‘हळू’ची कुळकथा

इंग्रजी भाषेत घाई न करता चालण्याला जितके शब्द आहेत, तितके फारच थोड्या मानवी क्रियांच्या वाट्याला आले असतील. ॲम्बल, स्ट्रोल, सॉन्टर, लॉयटर, लिंगर, डॉडल, प्लॉड ही त्यांतली केवळ नित्य परिचयाची नावे होत. मराठीतही अशा शब्दांचे दारिद्र्य नाही. हळूहळू, सावकाश, संथ, निवांत, रमतगमत, आस्ते कदम, डुलतडुलत, रेंगाळत, रखडत, पाय ओढत, मुंगीच्या पावलाने असा मोठा परिवार आपल्याजवळ आहे. मेजर थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली पुरा केला, तेव्हा हे दोन परिवार प्रथमच व्यवस्थितपणे समोरासमोर बसविले गेले. (मराठी वाक्यात कोठे थांबावे हे चिन्हांनी सांगणारी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ही याच गृहस्थांची, १८५० सालची. गतीचे शब्द आणि गतीला अडविणारी चिन्हे दोन्ही एकाच हातून आपल्याकडे यावीत, हा योग गमतीचा आहे.) कोशातील असे समोरासमोर बसणे उपयुक्त असते, परंतु ते काहीसे फसवेही असते. शब्दाला शब्द मिळतो. त्या शब्दामागे चालणाऱ्या माणसाविषयीचे जे मत दडलेले असते, ते मात्र कोशाच्या रकान्यात मावत नाही. मंदगतीच्या शब्दांच्या बाबतीत हे मतच मुख्य असते असे मला वाटते. ते मत इंग्रजीतून मराठीत कसे उतरले आणि पुढे आपल्या वाङ्मयविचारातही कसे शिरले, याचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

या विचाराला भिलाईचे निमित्त घेतले आहे. भिलाई हे नाव उच्चारताच आपल्यापुढे पोलाद येते, शब्द येत नाहीत. परंतु नागपूरहून पूर्वेस सुमारे २६५ किलोमीटरवर, दुर्गला लागून वसलेले हे गाव ज्या मुलखात आहे, तो मुलूख मराठीला नवखा नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम यांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्या मागून सुभेदार आले. १८१८ नंतर बारा वर्षे इंग्रजांची देखरेख, पुन्हा १८३० पासून भोसल्यांचा अंमल, आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा, असा हा क्रम आहे. या काळात मराठी ही येथील सत्तेची भाषा होती, जनतेची नव्हे. तरीही घराणी आली, स्थिरावली आणि दुभाषी झाली. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे या दुभाषीपणाचे सर्वोत्तम फळ होय.

मराठी फौजेबरोबर या मुलखात गतीची जी परिभाषा आली ती ‘मजल’ या शब्दाभोवती गुंफलेली होती. अरबी ‘मंझिल’वरून आलेल्या या शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा, आणि त्यावरून एका दिवसाची चाल. मजल दरमजल करीत येणे म्हणजे रोजची चाल रोज पुरी करून येणे. घाई असेल तेव्हा ‘लांब लांब मजला’ कराव्या लागत, पण वेगाचे माप मजलच राही. इंग्रजीतील ‘जर्नी’ हा शब्दही मुळात फ्रेंच भाषेतील दिवसवाचक शब्दावरून आला असून त्याचा जुना अर्थ एका दिवसाचा प्रवास असाच होता, हे येथे आठवावे. घड्याळाच्या पूर्वी दोन्हीकडच्या माणसांनी रस्ता सूर्यानेच मोजला. त्या जगात सावकाश जाणे हा विशेष गुण नव्हता, तसा दोषही नव्हता. छत्तीसगडचे धान्य बाहेर नेणारा आणि मीठ आत आणणारा वंजाऱ्यांचा तांडा बैलाच्या चालीने जाई, आणि बैलाला कोणी आळशी म्हणत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत नागपूरकडून लोहमार्ग पूर्वेस सरकत गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याशी जोडला, आणि मजल हा शब्द वापरातून जाऊन वाक्प्रचारात जमा झाला.

आता इंग्रजी शब्दांकडे वळू. त्यांची कुळे पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतील बरेच शब्द चालणाऱ्या माणसाने स्वतःसाठी घडविलेले नाहीत. ते घोड्यावरून, नाही तर चौकीवरून, दुसऱ्याकडे पाहणाऱ्याने घडविले आहेत. ‘ॲम्बल’ हा लॅटिनमधील चालणे या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला, आणि इंग्रजीत तो प्रथम घोड्याच्या चालीला लागला. एका अंगाचे दोन्ही पाय एकदम उचलून घोडा जी सुखकर चाल चालतो, ती ही. माणूस ॲम्बल करू लागला तो नंतर. ‘कँटर’ हाही घोड्याचाच शब्द, पण त्याच्या मागे यात्रा आहे. ११७० साली कँटरबरीच्या देवळात टॉमस बेकेटचा वध झाला, त्याच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्यांच्या घोड्यांच्या बेताच्या दौडीला कँटरबरीचे नाव पडले; लोकांनी पुढे त्याचे शेपूट छाटले. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट पालख्या तीन आठवड्यांच्या आत-बाहेर चालतात. त्या चालीला आपण वेगळे नाव दिले नाही, ‘वारी’ म्हणून येण्याजाण्यालाच नाव दिले. इंग्रजांनी गतीला नाव दिले, आपण फेरीला दिले, हा फरक लहान नाही.

‘स्ट्रोल’ची गोष्ट निराळी. सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत दिसतो तो भटक्यांच्या संबंधात, आणि तो भटक्या या अर्थाच्या जर्मन शब्दाशी जोडला जातो. आज बागेत फेरफटका मारणाऱ्या सभ्य गृहस्थाच्या अंगावर जे वस्त्र आहे, ते एकेकाळी गावोगाव हिंडणाऱ्या निराधाराचे होते. ‘लॉयटर’ हा डच भाषेतून आला. तेथे तो हलणाऱ्या दाताविषयीही वापरीत. स्थिर नाही आणि पडतही नाही, अशी अवस्था! इंग्रजी कायद्याने तो फार लवकर उचलला. १८२४ च्या भटकेपणाविषयीच्या अधिनियमाने रेंगाळणाऱ्या संशयिताला पकडण्याचा अधिकार दिला. ती दृष्टी साम्राज्याबरोबर आपल्याकडे आली आणि साम्राज्य गेल्यावरही राहिली. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसविले. चालण्याच्या एका प्रकाराला गुन्ह्याचा वास लागला तो असा.

‘सॉन्टर’चे मूळ निश्चित नाही. थोरो या अमेरिकन लेखकाने १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चालण्यावरील निबंधात या शब्दाचा संबंध पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंशी लावला. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करीत नाही. पण थोरोला ती का हवीशी वाटली हे समजण्यासारखे आहे. आपल्या भाषेत सावकाश चालणाऱ्याला इज्जतीचे एकही कुळ नाही, हे त्याला बोचले असावे, आणि त्याने ते उसने आणून दिले. आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. फुरसत या अर्थाचा ‘लीझर’ लॅटिनमधील ‘परवानगी असणे’ या क्रियापदापासून निघाला आहे. म्हणजे इंग्रजी माणूस निवांत असतो तो कोणी तरी त्याला निवांत असू दिले म्हणून!

मराठीचा मुख्य शब्द ‘हळू’. त्याचे मूळ संस्कृत ‘लघु’. लघूचे प्राकृतात लहु झाले, अक्षरांची अदलाबदल होऊन हलुअ झाले, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीसाठी स्वतंत्र सूत्रच दिले. येथपर्यंत सारे सरळ आहे. पण लघु म्हणजे हलका, आणि संस्कृतात जो हलका तो चपळ. छंदःशास्त्रात लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. लघू झटकन जातो, गुरू रेंगाळतो. अशा चपळ बापाच्या पोटी ‘हळू’ हा मंदगतीचा मुलगा कसा जन्मला?

याचे उत्तर गतीच्या शास्त्रात नाही, पावलाच्या वजनात आहे. मराठी माणूस ‘दार हळू लाव’ म्हणतो तेव्हा त्याला वेळ वाढवावयाचा नसतो, आवाज कमी करावयाचा असतो. निजलेल्या माणसाजवळून ‘हळू जा’ म्हटले तर पाऊल वाजू देऊ नको हा अर्थ. शेवाळलेल्या अंगणात ‘हळू चाल’ म्हटले तर जपून चाल हा अर्थ. ‘हळू बोल’ आणि ‘सावकाश बोल’ या दोन सूचना एकच नाहीत. पहिलीने आवाज उतरतो, दुसरीने वेग. हलके पाऊल टाकणारा माणूस नाइलाजाने सावकाश होतो, कारण वजन सांभाळून टाकावयाचे असते. तेव्हा हळूपणा हा मुळात दुसऱ्याच्या झोपेची, दाराच्या बिजागरीची, मातीची काळजी घेण्याचा प्रकार आहे. वेग कमी होणे हा त्याचा परिणाम. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० साली, ही दोन्ही टोके सापडतात. पहिल्या अध्यायात श्रोत्याच्या चित्ताला जे हळुवारपण मागितले आहे, त्याचा वेगाशी काडीमात्र संबंध नाही. चांदण्यातले कण टिपणाऱ्या चकोराच्या पिलांची ती कोवळीक आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र फळापर्यंत पोचण्याचा दृष्टान्त येतो. पक्षी एका झेपेत फळाला झोंबतो. माणसाला ते कसे साधावे? तो हळूहळू, एका डहाळीवरून दुसरीवर, काही वेळाने पण खात्रीने फळाशी जातो. येथे ‘हळूहळू’ हा शब्द स्पष्टपणे गतीचा झाला आहे. परंतु फळ दोघांनाही मिळते, आणि माणसाला त्याच्या चालीबद्दल कोणी हिणवीत नाही. पक्षी श्रेष्ठ की माणूस, हा प्रश्नच तेथे नाही. ज्याला पंख नाहीत त्याचा मार्ग कोणता एवढेच सांगितले आहे.

लघूची इतर भाषांतील संतती या निष्कर्षाला दुजोरा देते. गुजरातीतील ‘हळवे हळवे’ आणि हिंदीतील ‘हौले हौले’ ही मराठी ‘हळू’ची सख्खी भावंडे, त्यांतही मृदुपणा आणि मंदपणा एकत्र नांदतात. छत्तीसगडीत मात्र याच कुळातला ‘हरू’ अजून वजनाचाच शब्द आहे. ‘हरू’ म्हणजे हलके, ‘गरू’ म्हणजे जड. लघु-गुरूची जोडी तेथे जवळजवळ जशीच्या तशी उभी आहे. बिंबाजीच्या काळी रतनपूरच्या बाजारात मराठी शिपाई ‘हळू’ म्हणाला असेल आणि ओझे उचलणाऱ्या स्थानिक माणसाला ते ‘हलके’ असे ऐकू आले असेल, तर दोघेही आपापल्या परीने बरोबरच होते.

आणि येथे भिलाईचा खरा योग येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि रशियन अभियंते आपल्या दुभाष्यांसह या मुलखात आले. त्यांच्या भाषेतील ‘तीखो’ हा शब्द हुबेहूब आपल्या ‘हळू’सारखा वागतो. त्याचा मूळ अर्थ शांत, निःशब्द; आणि त्याच शब्दाने मंद गतीही सांगितली जाते. जितके हळू जाल तितके लांब पोचाल, अशा आशयाची एक रशियन म्हण प्रसिद्ध आहे. तिच्यातील पहिला शब्द ‘अधिक शांतपणे’ असा आहे, आणि इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला तेथे शांततेचा बळी देऊन नुसता ‘स्लो’ ठेवावा लागतो. इटालियनातील ‘पियानो’चेही तेच: संगीतात तो कोमल स्वराचा, म्हणीत सावकाश चालीचा. इंग्रजीजवळही असा शब्द एकेकाळी होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात याकोब आपल्या भावाला, गुरे आणि लेकरे यांच्या चालीने मी मागून येतो, असे सांगतो तेव्हा त्या सावकाशीसाठी ‘सॉफ्टली’ हा शब्द योजला आहे. पुढे त्या शब्दातून गतीचा अर्थ झिजून गेला आणि मृदुपणा तेवढा उरला. मृदुपणा एकीकडे आणि मंदपणा दुसरीकडे अशी इंग्रजीत जी वाटणी झाली, तीच वाटणी झालेली भाषा आपल्या शिक्षणाची भाषा झाली. भिलाईत मराठी, हिंदी, रशियन या तीन भाषा ज्या बाबतीत परस्परांना सहज समजल्या असत्या, त्याच बाबतीत मध्यस्थ म्हणून इंग्रजी बसली होती, हा इतिहासाचा एक बारीकसा विनोद म्हणावा लागेल.

‘सावकाश’चे कुळ याहून सोपे आहे. स-अवकाश, म्हणजे जागेसहित. ‘सवड’ या मराठी शब्दातही वेळ आणि जागा दोन्ही येतात. सामान ठेवायला सवड हवी तशी बोलायलाही सवड हवी. ‘निवांत’ हा शब्द निवाताशी, वारा न लागणाऱ्या ठिकाणाशी, जोडला जातो. मराठी माणूस घाईतून सुटतो तो परवानगी मिळून नव्हे, जागा मिळून. इंग्रजी ‘लीझर’शी ताडून पाहिले म्हणजे हा भेद उठून दिसतो. ‘रमतगमत’ तर निव्वळ आनंदाचा शब्द आहे. त्यातील ‘गमणे’ म्हणजे करमणे, आणि रस्त्यात करमणे ही कल्पना मला इतरत्र कोठे एका शब्दात भेटली नाही.

तथापि यावरून आपली परंपरा मंदगतीची भक्त होती आणि इंग्रजीने येऊन तिला बिघडविले, असा सोयीचा सिद्धान्त कोणी काढू नये. मंदपणाची निंदा करण्यात आपण कोणाला हार जाणारे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या दोषांत ‘दीर्घसूत्री’ आहे. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात मन ‘शनैः शनैः’ निववावे असे सांगितले आहे. वाट, गोधडी आणि डोंगर ही कामे सावकाशच होतात असे बजावणारे सुभाषितही आपलेच, आणि सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे घेणाऱ्या ग्रहाला शनैश्चर म्हणून त्याला भिणारेही आपणच. ‘चेंगट’, ‘रखडणे’, ‘घुटमळणे’ या शब्दांत कौतुक नाही. मंद हा शब्द तर दिव्याला, वाऱ्याला आणि स्मिताला शोभतो, तोच बुद्धीला, जठराग्नीला आणि बाजाराला लागला की अनिष्ट होतो. भेद असा की, या साऱ्या निंदेत काम आणि माणूस पाहून निवाडा होत असे. डोंगर चढणाऱ्याची मंदगती वेगळी, कर्ज फेडणाऱ्याची वेगळी. सर्व मंदगती एकाच मापाने मोजून तिला आधीच दोषी ठरविणे ही घड्याळाची आणि गिरणीची देणगी होय.

या देणगीचा सर्वांत ठळक शब्द ‘गो-स्लो’. त्याच्याही मागे एक हळुवार शब्द आहे, हे फारसे लक्षात येत नाही. स्कॉटलंडच्या बोलीत ‘का कॅनी’ म्हणजे जपून हाक, सांभाळून ने. १८८९ साली ग्लासगोच्या गोदी कामगारांचा संप मोडला. मालकांनी बाहेरून आणलेले अननुभवी मजूर वाकडेतिकडे, रडतखडत काम करीत; तरी मालकांनी त्यांची वाखाणणी केलेली. कामावर परतलेल्या गोदीवाल्यांनी मग त्या मजुरांइतकेच काम करावयाचे ठरविले, आणि थोड्याच काळात मागितलेली वाढ पदरात पडली. जपून चालण्याचा घरगुती शब्द असा लढ्याचा शब्द झाला. १८९७ साली तुलूझ येथील फ्रेंच कामगार परिषदेत त्याची वाखाणणी झाली, आणि कालांतराने जगभर ‘गो-स्लो’ रूढ झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली भारत शुगर मिल्सच्या खटल्यात या प्रकाराला गंभीर गैरवर्तन ठरविले. संपात यंत्र निदान पूर्ण बंद तरी करता येते, मंदगतीत ते कमी वेगाने चालत राहून खराब होते, असा एक मुद्दा त्या निकालात आहे. आणि काम लांबवून मजुरी घेण्यात अप्रामाणिकपणा आहे, हा दुसरा. १९८२ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यातील अनुचित प्रथांच्या यादीत जाणूनबुजून केलेला ‘गो-स्लो’ बसविला गेला. मराठी वृत्तपत्रांनी या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही, पण ‘मंदगती’ कागदावर राहिली आणि कामगारांच्या तोंडी ‘गो-स्लो’च राहिला. मला हे योग्य वाटते. या अर्थासाठी ‘हळू’ वापरला असता तर तो शब्द कायमचा आरोपी झाला असता.

भिलाईच्या भट्टीला मात्र मंदगतीचा हा कायदा पुरता लागू पडत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, रुरकेल्याच्या भट्टीच्या दुसऱ्याच दिवशी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ‘आराम हराम है’ ही त्या दशकाची घोषणा होती, आणि कोणत्या देशाच्या साहाय्याने उभारलेला कारखाना आधी चालू होतो याकडे साऱ्यांचे डोळे लागलेले होते. १९६० पासून येथे रूळ होऊ लागले. देशाचा वेग ज्यावरून धावावयाचा ती वस्तूच येथली. पण रुळाचे पोलाद घाईने थंड केले तर आत अडकलेल्या हायड्रोजनमुळे त्यात केसासारख्या भेगा पडतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. द्रव पोलादातूनच तो वायू ओढून काढण्याची निर्वात पद्धत येईपर्यंत जगभर त्यावर उपाय एकच होता: लाल रूळ झाकून ठेवून अतिशय सावकाश निवू देणे. ‘निवणे’ हा शब्द येथे तंत्राच्या दृष्टीनेही अचूक बसतो. त्याच भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणीत १९७७ पासून शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध करून अर्धयांत्रिकीकरणाची योजना पुढे ठेवली. माणसाच्या हाताने होणारे काम यंत्रापेक्षा मंद आहे, पण ते मंद आहे एवढ्याच कारणाने अकार्यक्षम ठरते काय, हा तो वाद होता. १९९१ साली भिलाईतच नियोगींची हत्या झाली. अर्थशास्त्रात याच सुमारास, १९७८ साली, राज कृष्णांच्या नावावर मोडणारा ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ हा प्रयोग आला. वार्षिक साडेतीन टक्क्यांच्या वाढीला एका समाजाचे नाव मिळाले. मंदगतीच्या इंग्रजी शब्दांत ही शेवटची आणि कदाचित सर्वांत भारी भर म्हणावी लागेल. भटक्याला लावलेला ठपका आता देशाला लागला, आणि तो लावणारा देशीच होता.

हे सारे गिरणीपुरते आणि कायद्यापुरते राहिले असते तर वाङ्मयाच्या नियतकालिकात त्याची चर्चा कशाला? परंतु आपली समीक्षाही हीच भाषा बोलू लागली आहे. एखाद्या कादंबरीविषयी ‘कथानक रेंगाळते’, ‘निवेदन संथ झाले आहे’, ‘गती राहिलेली नाही’ असे म्हटले की दोष सांगून झाला असे आपण मानतो, आणि ‘गतिमान’ म्हटले की गुण. संथ हा शब्द मराठीत भरलेल्या, समपातळीत वाहणाऱ्या नदीचा. तो ठपक्याचा केव्हा झाला? संगीतात आपण असे करीत नाही. विलंबित ख्याल मांडणाऱ्या गवयाला कोणी विलंब केला म्हणून बोल लावीत नाही; त्याच धातूतला ‘विलंब’ कचेरीत दंडाला पात्र असतो. एकाच शब्दाच्या दोन्ही बाजू आपल्या कानाला ठाऊक आहेत, आणि तरी कादंबरी वाचताना आपण कचेरीची बाजू घेतो.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईहून उत्तरेत जाऊन, सत्तावनची धामधूम पाहून परत आलेल्या या ब्राह्मणाचे लेखन १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यात लढाईइतकाच रस्ता आहे, मुक्काम आहे, स्वयंपाक आहे. झाशीपर्यंत लेखक लवकर पोचत नाही ही तक्रार त्या ग्रंथाविषयी करणे म्हणजे तो ग्रंथ न वाचणे होय. कारण मजलीने मोजलेल्या जगातला तो जवळजवळ अखेरचा मोठा गद्य साक्षीदार आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसंगाच्या मागे धावत नाहीत, त्यांत रमतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त, १९५५ साली, एक तरुण मास्तर गावाकडे चालत निघतो आणि पुस्तक त्याच्या पावलाने पुढे सरकते, कथानकाच्या मापाने तेथे फार थोडे घडते, आणि दुष्काळ येतो तोही त्याच पावलाने, म्हणून तो इतका खरा वाटतो. या पुस्तकांना आपण मोठे मानतो, पण त्यांची थोरवी सांगताना त्यांच्या सावकाशीला गुण म्हणण्याइतकी परिभाषा आपल्याजवळ नाही. मग आपण ‘तपशील’, ‘वातावरण’ असे बाजूचे शब्द वापरतो. हळुवार, संथ, निवांत, रमतगमत हे चार शब्द एकमेकांहून भिन्न अशा चार निवेदनपद्धती दाखवू शकतात. पहिला लेखकाच्या स्पर्शाचा, दुसरा वाक्याच्या प्रवाहाचा, तिसरा त्याने वाचकाला दिलेल्या जागेचा, चौथा त्याच्या स्वतःच्या आनंदाचा. इंग्रजी समीक्षेत या चौघांसाठी मिळून ‘स्लो’ एवढेच म्हणावे लागते, आणि आपण त्याचे भाषांतर करीत बसलो आहो.

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्या सुमारास, त्याच दुर्ग जिल्ह्यात, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात एक मराठीभाषी प्राध्यापक हिंदी शिकवीत होते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली तेथे आले आणि १९६४ पर्यंत राहिले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नागपुरात, मराठीत लिहीत होते. गजाननरावांच्या कविता लांबत, पुन्हा पुन्हा लिहिल्या जात, वर्षानुवर्षे हातावेगळ्या होत नसत. वास्तवाचे घटक एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून माझी कविता आखूड होऊ शकत नाही, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला आहे. ‘अँधेरे में’चा रचनाकाल १९५७ ते १९६२ असा सांगतात. करारापासून पहिल्या भट्टीपर्यंत सारा कारखाना उभा राहायला चार वर्षे लागली. या एका कवितेला पाच लागली. ती छापून आली १९६४ साली, आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला कवी दिल्लीत वारला. त्याचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला.